पाण्याच्या टाकीपर्यंत

गाडी जुनी झाली आहे हे मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी ते शेजाऱ्यांना कळतं, मग सिग्नलला बाजूला येऊन थांबणाऱ्या दुचाकीवाल्यांना, मग पेट्रोल पंपावरच्या माणसाला. तो आमच्या टाकीचं झाकण उघडताना नेहमी एक पाऊल मागे उभा राहतो. आमच्या गाडीचं वय कुणी विचारलं तर मी खरं सांगते, पण स्वतःचं सांगताना करते तसं तोंड करून.

नवी घ्यायची ऐपत नव्हती हे एक कारण झालं. दुसरं आणि खरं कारण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. त्यामुळे बस बाद. डोंगरापलीकडे रेल्वे जात नाही, त्यामुळे रेल्वे बाद. एकदा टॅक्सी बोलावली होती. त्या टॅक्सीच्या आरशाला सुगंधी पाण्याची एक कुपी टांगलेली होती आणि काचा एसीसाठी बंद होत्या. दुसऱ्या सिग्नलला आई पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या, "परत फिरव त्याला. मेलेली पोचण्यापेक्षा जिवंत घरी बरी." आमच्या गाडीचं मागचं आसन मात्र जुन्या पद्धतीचं, सलग आणि रुंद आहे. उजव्या दाराला पाठ टेकायची, पाय आसनावर लांब सोडायचे, हाताने फिरवायची काच पूर्ण खाली करायची. आत लोखंडाचा आणि धुळीचा वास येतो. तो त्यांना मानवतो.

आणि त्यांना जायचं होतं डोंगरापलीकडे, ताईंकडे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या घराबाहेर पडत नाहीत. दोघी रोज सकाळी फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात. विषय एकच: लहानपणीच्या घरात जिना डावीकडे होता की उजवीकडे. आई म्हणतात उजवीकडे, ताई म्हणतात डावीकडे. ते घर कधीच पाडलं गेलं. आईवडील गेले, मधले भाऊ गेले. त्या जिन्याचे साक्षीदार म्हणून जगात या दोघीच उरल्या आहेत आणि त्यांचं एकमत नाही.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मला हा प्रश्न अवघड वाटला नाही. एकदा मी आईंना म्हटलं, "तुम्ही आत येताना म्हणत असाल आणि ताई बाहेर जाताना. म्हणजे दोघींचंही बरोबर आहे." आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या पानातलं काहीतरी उचलून खाल्लं. संध्याकाळी ताईंचा मला वेगळा फोन आला. "तू शिकलेली आहेस, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण आमच्यात पडू नकोस." नंतर माझ्या लक्षात आलं की ताई लग्न होऊन त्या घरातून आधी बाहेर पडल्या आणि आई बरीच वर्षं मागे राहिल्या. एकीला ते घर सोडतानाचं आठवतं, दुसरीला परत येतानाचं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. मला पडायचं नव्हतं.

तर एवढंच करायचं होतं: गाडी घाट चढेल अशी करायची. चढाला ती तापत होती. मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याचं निदान निम्म्या वेळा चुकतं, पण ऐकताना तो इतका गंभीर असतो की चूक पेशंटचीच वाटते.

"रेडिएटर, पाण्याचा पंप, होज, क्लच," डॉक्टर म्हणाला. "सगळं एकदम बदलून टाकू, बाई. काळजी नको."

"एका वेळी एकच बदलायचं," मी म्हणाले. "मग चढावर नेऊन बघायचं. मग दुसरं. एकदम चार गोष्टी बदलल्या तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही."

"बरं झाल्यावर कळून काय करायचंय?"

"नको त्यावर खर्च होणार नाही."

त्याने हात पुसले. "बाई, लग्न केलंत तेव्हा नवरा आणि सासू एकदमच आले ना? का आधी एक लावून बघितलं?"

शास्त्राची बाजू मांडायला गॅरेज ही योग्य जागा नव्हे.

चाचणीसाठी मी टेकडी निवडली. गावाबाहेर पाण्याची मोठी टाकी आहे, नमुने घ्यायला मी तिथे नेहमी जाते. रस्ता खडा आहे, वळणं घाटासारखीच, फक्त अंतर कमी. टेकडी उतरून आलं की तिठा लागतो: डावीकडे गाव, उजवीकडे घाट. म्हणजे प्रत्येक चाचणीनंतर घाटाचा रस्ता समोर दिसायचा आणि मी डावीकडे वळायचे.

पहिल्या चाचणीत नवा होज, म्हणजे रेडिएटरची रबरी नळी, लावलेला होता. गाडी तापली नाही, पण अर्ध्या चढावर बॉनेटचा खटका सुटला आणि बॉनेट उघडून थेट काचेवर येऊन आपटलं. समोरचं जग एकदम बंद झालं. माझा नवरा शेजारी बसला होता. त्याला गाडी चालवता येत नाही, पण शेजारी बसून तो पायाने ब्रेक दाबत असतो. त्या दिवशी त्याने तो इतक्या जोरात दाबला की पायात गोळा आला. गाडीचा ब्रेक मी दाबला. गाडीला काही झालं नाही. बॉनेट मात्र मधोमध मुडपलं आणि नवरा आठवडाभर लंगडला. कार्यालयात त्याने अपघात झाला असं सांगितलं, जे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं.

भंगारवाल्याकडे त्याच जातीचं बॉनेट मिळालं, पण हिरवं. रंगाचा आणि तापमानाचा संबंध नसल्यामुळे मी तेच लावून घेतलं. यात माझं गणित चुकलं, कारण नेमकी त्याच महिन्यात गाडीची सरकारी तपासणी होती. ती पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती.

तपासणी अधिकाऱ्याने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, इंडिकेटर डावे-उजवे लावायला सांगितले. सगळं चाललं. मग तो कागद घेऊन गाडीभोवती फिरला.

"कागदावर पांढरी आहे."

"पांढरीच आहे. फक्त बॉनेट हिरवं आहे."

"मग पांढरी नाही."

मी शांतपणे सांगितलं की पृष्ठभागाचा विचार केला तर बहुतांश भाग पांढरा आहे. तो म्हणाला की कागदावर बहुतांश असा रंग नाही. मग कागदात दुरुस्ती करून पांढरा आणि हिरवा असे दोन्ही रंग लिहा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, त्या रकान्यात एकच शब्द मावतो. माझ्यामागे रांग होती. रांगेतला एक ट्रकवाला मला समजावू लागला, "ताई, हिरवंच लिहायला सांगा ना, आणि बाकीची गाडी हिरवी करून घ्या." मला माझ्या पदवीची इतकी आठवण त्याआधी कधी झाली नव्हती.

रंगारी म्हणाला, "कोणता पांढरा?" मला वाटत होतं पांढरा एकच असतो. त्याने रंगछटांची एक पट्टी काढली आणि माझा गैरसमज रांगेने समोर मांडला. आमच्या गाडीचा पांढरा उन्हाने जुन्या पुस्तकाच्या पानासारखा झाला होता आणि तो पट्टीत कुठेच नव्हता. शेवटी त्याने बॉनेटला नवाकोरा पांढरा मारला. तपासणीत गाडी पास झाली. बॉनेट मात्र जुन्या दातांतल्या एका नव्या दातासारखं दिसू लागलं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कॅप्टन राहतात. ते सैन्यात किंवा जहाजावर कधीच नव्हते. कुणीही गाडी मागे घेऊ लागलं की ते गॅलरीतून हात हलवून हुकूम सोडतात, म्हणून कॅप्टन. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"चढाला तापते म्हणे? आतला हीटर लावायचा. पूर्ण."

"उन्हात हीटर?"

"इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. माणसं शिजतात, इंजिन वाचतं."

मी घरी येऊन विचार केला. ते बरोबर होतं. उष्णता कुठेतरी जायलाच हवी, आणि हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. याचा मला फार त्रास झाला. चुकीच्या माणसाने बरोबर सांगितलं की त्याचं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. मी हीटर लावला नाही.

नवा पंप बसवल्यावर नुसती चाचणी पुरणार नव्हती, गाडीत वजन हवं होतं. मी एकटी बसून टेकडी चढणं आणि मागे आई असताना चढणं यात फरक आहे. मी आईंना वजनकाट्यावर उभं केलं. आकडा इथे देणार नाही, दिला तर मला घरात राहता येणार नाही. एवढंच सांगते की त्या भिंतीला हात टेकून उभ्या होत्या, त्यामुळे काट्यावरचा आकडा खरा नव्हता आणि हे मला त्यांना सांगावं लागलं. मग शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती आणली. मागच्या आसनाला नुकतंच नवं कापड लावून घेतलं होतं. ते वाळूने खराब होऊ नये म्हणून पोत्यांवर आईंची जुनी शाल पांघरली आणि घसरू नयेत म्हणून पट्ट्याने बांधली.

फाटकात तळमजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं. "आईंना कुठे घेऊन निघालीस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी घाईत होते. "या आई नाहीत आता," मी म्हणाले आणि निघाले.

वाक्य अचूक होतं. मी टेकडीवर पोचून तापमानाचा काटा पाहत होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. त्याच्या कार्यालयात तीन जणांनी त्याचा हात हातात घेतला होता आणि साहेबांनी त्याला घरी जायला सांगितलं होतं. "आई गेली का?" त्याने विचारलं. त्याचा आवाज विचित्र येत होता. मी म्हटलं, "आई घरी आहेत. मी वाळू घेऊन आले आहे."

घरी दार आईंनीच उघडलं होतं. समोर काकू, कॅप्टन आणि मागे आणखी काही मंडळी, सगळ्यांचे चेहरे पडलेले. आई म्हणाल्या, "कोण गेलं?" कॅप्टननी घसा साफ केला आणि सहज वरून खाली चाललो होतो म्हणाले. आईंनी सगळ्यांना चहा दिला.

मी परत आले तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"मी गेले त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "वय झालंय. पण पोतं?"

"वजनासाठी, आई. चाचणी होती."

"आणि दोन पोती? मी दोन पोती आहे?"

"दुसरं अर्धंच होतं."

"यापुढे माझ्या जागी मीच बसेन," त्या म्हणाल्या. "वाळूला काय कळतंय घाट कसा लागतो ते."

तेव्हापासून प्रत्येक चाचणीला त्या येऊ लागल्या. शास्त्रीय दृष्टीने हे चांगलंच होतं. सकाळी लवकर तयार होऊन, स्वेटर घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायच्या. पिशवीत गोळ्या असतात असं मी धरून चालले होते. टेकडीवर पोचलं की मी काटा बघायचे आणि आई खिडकीतून डोंगराकडे बघायच्या. "पलीकडे तिचं घर," त्या म्हणायच्या. "तिला तिकडून हाच डोंगर दिसत असेल. पाठीमागून." मग आम्ही उतरायचो. तिठ्याला मी डावा इंडिकेटर लावायचे. त्या मांडीवरची पिशवी सरळ करायच्या.

घाट चढायची गाडीची तयारी मात्र होत नव्हती. पंप बदलला तर क्लच घसरू लागला. क्लच केला तर काटा पुन्हा वर चढू लागला. डॉक्टर म्हणाला की मी तेव्हाच सांगत होतो. मी म्हणाले की तेव्हा तू पंपही सांगत होतास आणि क्लचही. शेवटी त्याने रेडिएटरला जादा पंखा लावायचं सुचवलं. इंजिन फार तापलं की हा पंखा आपोआप सुरू होणार. तारांचं काम त्याच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने केलं. पंखा झकास लागला. फक्त तो फिरायला लागला की उजवा इंडिकेटर बंद पडायचा.

"तार तिथूनच घेतली आहे," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "जवळ पडते."

"पण मला उजवीकडे वळायचं असलं तर?"

"पंखा काय सारखा फिरतो? आणि उजवीकडे काय सारखं वळायचं असतं? दोन्ही एकदम लागतील असा प्रसंग सांगा मला."

मला त्या वेळी सुचला नाही. पण असं चालणार नव्हतं. मी ठरवलं की आधी पंख्याची चाचणी, मग इंडिकेटर, मग आणखी एक चाचणी, आणि मग घाट. एका वेळी एकच.

पंख्याच्या चाचणीच्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला, नेहमीसारखाच. मी डबा भरत होते. आई नेहमीप्रमाणे जिन्याच्या वादापाशी पोचल्या. मग थांबल्या. फोन ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. असेल उजवीकडे, म्हणाली."

"म्हणजे मानलं त्यांनी. जिंकलात की तुम्ही."

"ती कधी हरत नाही गं," आई म्हणाल्या. "लहानपणी हरायला लागली की पट उलटायची." त्यांनी फोनकडे पाहिलं. "जाऊ दे म्हणाली. जाऊ दे कधी म्हणत नाही ती."

मग त्या उठल्या आणि स्वेटर शोधायला आत गेल्या.

टेकडीचा चढ आम्ही चढलो. शेवटच्या वळणाला काटा लाल पट्टीजवळ गेला, पंखा घरघर करत सुरू झाला आणि काटा थांबला. मग हळूहळू मागे आला. लाल पट्टीच्या जरा अलीकडे स्थिर झाला. सुटकेचा श्वास टाकण्याइतकं हे चांगलं नव्हतं, आणि नाही म्हणण्याइतकं वाईटही नव्हतं. प्रयोगशाळेत असा निकाल आला की आम्ही 'पुन्हा तपासावे' असं लिहितो.

उतरताना तिठ्याच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक मारला. आईंच्या मांडीवरची पिशवी घरंगळून पुढे आली आणि दोन आसनांच्या मधून माझ्या पायांपाशी उपडी झाली. मी गाडी कडेला घेतली आणि वस्तू गोळा करू लागले. गोळ्या होत्या. घडी घातलेले दोन दिवसांचे कपडे होते. एक विणलेला राखाडी स्वेटर होता, आईंच्या मापापेक्षा लहान, ताईंच्या मापाचा. टॉवेल होता. आणि प्लास्टिकच्या पिशवीत दात घासायचा ब्रश.

ब्रश ओला होता. म्हणजे तो प्रवासासाठी वेगळा काढून ठेवलेला नव्हता, रोजचाच होता. सकाळी वापरायचा आणि पिशवीत टाकायचा. दुपारी घरी आलं की काढून परत पेल्यात ठेवायचा. पाण्याच्या टाकीपर्यंत कुणी ब्रश घेऊन जात नाही.

"प्रत्येक वेळी आणता?" मी विचारलं.

आई खिडकीबाहेर बघत होत्या. "तुझं काही ठरलं असतं तर," त्या म्हणाल्या. "मी तयार नाही म्हणून राहायला नको."

मी सगळं पुन्हा पिशवीत भरलं. नीट, आधी होतं त्याच क्रमाने. मग समोर बघत बसले. गाडी चालूच होती, पंखा फिरत होता. चाचणीसाठी नेहमी ठेवते ते पाण्याचे कॅन मागे होते. डबा होता. इंडिकेटर दुरुस्त झालेला नव्हता. पुढची चाचणी झालेली नव्हती. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत हे मी आयुष्यभर पाळत आले आहे आणि त्यामुळे माझ्या हातून फारशा चुका झालेल्या नाहीत. फारसं दुसरंही काही झालेलं नाही.

मी हात पुढे करून हीटर लावला. पूर्ण. गरम वारा थेट तोंडावर आला. कॅप्टनना हे कधीही कळता कामा नये.

"आई, काच पूर्ण खाली करा. शिजायला होईल."

त्यांनी काच खाली केली. मग आरशात माझ्याकडे पाहिलं.

मी गाडी तिठ्यावर आणली आणि सवयीने उजव्या इंडिकेटरची काडी ओढली. काही झालं नाही. पंखा घरघरत होता. मागून एक ट्रक येत होता.

"इंडिकेटर लागत नाहीये," मी म्हणाले.

"त्यात काय," आई म्हणाल्या. त्या दाराला टेकून जराशा वळल्या आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. सरळ, खांद्याइतक्या उंचीवर, बोटं उघडी. ट्रकवाल्याने वेग कमी केला आणि थांबला.

मी वळले.

"ताईंना फोन करून सांगू का?" मी विचारलं.

"नको. आत्ता सांगितलंस तर पोचेपर्यंत दारात उभी राहील, आणि तिला उभं राहवत नाही," त्या म्हणाल्या. "घाट चढून झाला की सांग."

रस्ता वर चढू लागला. काट्याकडे मी एकदाच पाहिलं. मग आरशात पाहिलं. वळण केव्हाच मागे पडलं होतं, पण आईंचा हात अजून बाहेरच होता.